दुखणे गालात, मूळ अन्यत्र

चेहरा दुखू लागला की मनुष्य प्रथम दातांकडे पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. गालातील व जबड्यातील बहुतेक दुखणी दातांचीच असतात. किडलेली दाढ, हिरडीची सूज, वाकडी उगवलेली अक्कलदाढ यांनी घरोघरी रात्री जागविल्या आहेत. लवंगेचे तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि तेवढ्याने भागले नाही तर दंतवैद्याची खुर्ची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. बहुतेकांना त्याने आरामही पडतो.

परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत हा क्रम पुरा होऊनही दुखणे जागचे हलत नाही. एका दाढेचे रूट कॅनल होते, मग ती काढलीही जाते. पुढे शेजारच्या दाढेवर संशय येतो. क्ष-किरण चित्रात दोष दिसत नाही, गाल मात्र जळतच राहतो. काही महिन्यांनी ओठाच्या कडेला बधिरपणा जाणवू लागतो. अशा रुग्णांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ दातात नसून दाताला संवेदना देणाऱ्या नसेत असते. आणि त्या नसेच्या विकाराचे मूळ सांध्यांना, त्वचेला, लाळेच्या ग्रंथींना ग्रासणाऱ्या एखाद्या ऑटोइम्यून संधिविकारात असते. हा प्रकार विरळा आहे. पण तो ओळखला गेला नाही तर निरोगी दात जातात, वर्षे जातात आणि मूळ रोग आत वाढत राहतो. म्हणून त्याची ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे हिताचे आहे.

तीन शाखांची नस

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदनेची. वैद्यक तिला ट्रायजेमिनल म्हणते. मराठीत तिला त्रिशाखी नस म्हणता येईल. कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या अंगाला, या नसेच्या संवेदक पेशींचा एक लहान पुंजका असतो. तेथून तिच्या तीन शाखा फुटतात. पहिली शाखा कपाळ व डोळा यांची जाणीव मेंदूकडे नेते. दुसरी गाल, वरचा ओठ व वरचे दात यांची. तिसरी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटी व जिभेचा पुढचा भाग यांची. चावण्याच्या स्नायूंना मेंदूचा हुकूम पोहोचविण्याचे कामही तिसऱ्या शाखेबरोबरच होते.

दात आणि गाल यांची जाणीव एकाच वाटेने मेंदूकडे जाते, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. वाटेत बिघाड झाला तरी मेंदूला ते दुखणे दाताचेच भासते. रुग्ण बोट ठेवून दाढ दाखवितो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; त्याला तेथेच दुखत असते. दंतवैद्यही फसतो तो याच कारणाने.

आणखी एक घोटाळा टाळावयास हवा. तोंड एका बाजूस वाकडे होणे, डोळा न मिटणे, पाणी ओठांतून ओघळणे, ज्याला आपण तोंडाचा लकवा म्हणतो, तो सातव्या नसेचा विकार होय. ती नस चेहऱ्याच्या हालचालींची आहे. येथे विषय पाचवीचा, म्हणजे संवेदनेचा आहे.

दोन प्रकारची वेदना

त्रिशाखी नसेचे दुखणे मुख्यतः दोन रूपांत भेटते, आणि त्यांतील भेद जाणणे हे निदानाचे अर्धे काम आहे.

पहिले रूप विजेच्या झटक्यासारखे. दात घासताना, घास चावताना, बोलताना, किंवा गालावर पंख्याचा वारा आला तरी अचानक जीवघेणी कळ उठते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते आणि जशी आली तशी नाहीशी होते. दोन झटक्यांच्या मध्ये चेहरा बहुधा निर्धोक असतो. स्पर्श नीट कळतो. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. फ्रेंच शस्त्रवैद्य निकोलस आंद्रे यांनी १७५६ मध्ये आणि इंग्लंडमधील जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. आयुर्वेदात शिरोरोगांमध्ये सांगितलेला अनंतवात हाच असावा, असे अनेक वैद्य मानतात. तो बहुधा पन्नाशीनंतर, चेहऱ्याच्या एकाच बाजूस होतो. एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाशी घासत राहिल्याने नसेवरील आवरण झिजते, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

दुसरे रूप सावकाश येते. ओठाच्या कोपऱ्यात किंवा गालावर मुंग्या येतात. दंतवैद्याने दिलेले बधिरतेचे इंजेक्शन उतरलेच नाही, असे वाटते. चेहऱ्याला कोळिष्टक चिकटल्याचा भास होतो आणि हात पुन्हा पुन्हा गालावर फिरतो. त्या बधिर भागातच जळजळ, ठणका किंवा टोचणी सुरू होते आणि ती झटक्याची नसून दिवसभराची असते. आठवड्यांमागून आठवडे बधिरपणा पसरतो. काहींत तो दुसऱ्या गालावरही जातो. चावण्याची ताकद मात्र बहुधा शाबूत असते. याला ट्रायजेमिनल न्यूरोपॅथी म्हणतात.

ऑटोइम्यून संधिविकारांत आढळते ती मुख्यतः ही दुसरी वेदना. म्हणून घरातील कोणी चेहरा दुखतो असे म्हणाले, तर एक साधा प्रश्न विचारावा: जेथे दुखते तेथे स्पर्श कमी कळतो का? स्वच्छ कापसाचा बोळा दोन्ही गालांवर हळुवार फिरवून पाहिले तरी फरक जाणवतो. वेदना आणि बधिरपणा एकाच जागी असणे हे दातदुखीचे लक्षण नव्हे. ते आढळले तर आणखी एक दात काढण्यापूर्वी मज्जातंतुतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

संधिविकार चेहऱ्यापर्यंत कसा पोहोचतो

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. काही व्यक्तींत ती आपल्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर उलटते. या विकारांना ऑटोइम्यून म्हणतात. त्यांतील जे सांधे, त्वचा, स्नायू व त्यांना बांधून ठेवणारे ऊतक यांना ग्रासतात, त्यांची चिकित्सा संधिवाततज्ज्ञ करतात. आमवात सर्वांच्या परिचयाचा आहे. ल्यूपस, त्वचा कडक करणारा स्क्लेरोडर्मा आणि लाळ व अश्रूंच्या ग्रंथी सुकविणारा शोग्रेन विकार हे त्याचेच भाऊबंद. १९७२ मध्ये अमेरिकेत गॉर्डन शार्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णांच्या अभ्यासावरून आणखी एका विकाराचे वर्णन केले. त्यात ल्यूपस, स्क्लेरोडर्मा आणि स्नायुदाह यांची लक्षणे एकत्र दिसतात आणि रक्तात यू-१ आरएनपी नावाच्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात सापडतात. त्याला मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज असे नाव मिळाले. त्रिशाखी नसेची न्यूरोपॅथी विशेषतः या मिश्र विकारात, स्क्लेरोडर्मात आणि शोग्रेनमध्ये आढळते.

एवढ्या नसांमधून हीच नस का? याचे एक कारण तिच्या रचनेत आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. रक्तातील सर्वच पदार्थांना त्या आत येऊ देत नाहीत. त्रिशाखी नसेच्या पेशींचा पुंजका मात्र या संरक्षणाच्या बाहेर आहे. तेथील रक्तवाहिन्या सैल विणीच्या असल्याने प्रतिपिंडे व दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशी सहज आत शिरतात. शोग्रेनच्या रुग्णांत पाठीच्या कण्याजवळील अशाच पुंजक्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी तपासणीत दिसून आली आहे. नसेला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचा दाह आणि स्क्लेरोडर्मात होणारी तंतूंची अतिवाढ याही वाटा अभ्यासकांनी मांडल्या आहेत. आमवातात चेहरा दुखण्याची कारणे थोडी वेगळी असतात. तेथे कानापुढील जबड्याचा सांधाच सुजतो. आणि जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सरकल्यास तेथील दाबानेही चेहरा बधिर होऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, काही रुग्णांत चेहऱ्याचा बधिरपणा हेच रोगाचे पहिले लक्षण असते. सांधे पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दुखू लागतात. तोवर ज्या वैद्याने चेहरा पाहिला त्याला सांधे ठाऊक नसतात, आणि ज्याने सांधे पाहिले त्याला चेहरा ठाऊक नसतो.

एका नेत्रवैद्याचा धडा

या बाबतीत एक जुने उदाहरण बोलके आहे. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधील नेत्रवैद्य. त्यांच्याकडे डोळे कोरडे पडल्याची तक्रार घेऊन स्त्रिया येत. डोळ्यांत औषध घालून त्यांना परत पाठविणे सोपे होते. शोग्रेन यांनी मात्र त्यांच्या तोंडाची आणि सांध्यांचीही विचारपूस केली. १९३३ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी अशा १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. डोळ्यांचा कोरडेपणा, तोंडाचा कोरडेपणा आणि सांधेदुखी या तीन वेगळ्या तक्रारी नसून एकाच विकाराच्या खुणा आहेत, हे अशा विचारपुशीतून पुढे आले. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात.

व्यापारी घरांना हे सहज उमजावे. कीर्दीत रोजच्या रकमा क्रमाने लिहिल्या जातात. पण कोणाचे देणे किती, हे खतावणी केल्याशिवाय कळत नाही. शरीराच्या तक्रारींचेही तसेच आहे. दाढेचे कागद दंतवैद्याकडे, डोळ्यांचे नेत्रवैद्याकडे, गुडघ्याचे अस्थिवैद्याकडे, अशा सुट्या नोंदी वर्षानुवर्षे पडून राहतात. त्या एका पानावर आणण्याचे काम कोणीतरी करावे लागते, आणि त्याची सुरुवात घरातच होऊ शकते.

कोणते प्रश्न विचारावेत

चेहरा बधिर होऊन दुखत असेल तर पुढील गोष्टी आठवून कागदावर लिहाव्यात. थंडीत, गार पाण्यात किंवा वातानुकूलित दुकानात बसल्यावर बोटांची टोके पांढरी, मग निळी आणि ऊब आल्यावर लाल होतात का? या लक्षणाचे वर्णन फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये केले आणि ते रेनोचे लक्षण म्हणून ओळखले जाते. मिश्र विकारात व स्क्लेरोडर्मात ते फार वेळा आढळते. बोटे फुगून अंगठी काढणे अवघड झाले आहे का? सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहतात का? खाकरा किंवा पापड गिळताना प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का? उन्हात गेल्यावर गालांवर लाली किंवा पुरळ उठते का? तोंडात वारंवार फोड, केसांची गळती, विनाकारण बारीक ताप, जिना चढताना धाप, असे काही आहे का? आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला संधिवात किंवा थायरॉइडचा विकार आहे का?

यांपैकी एखादे लक्षण असणे म्हणजे रोग असणे नव्हे. पण दोन-तीन लक्षणे चेहऱ्याच्या बधिरपणासोबत असतील, तर तो कागद घेऊन संधिवाततज्ज्ञ व मज्जातंतुतज्ज्ञ या दोघांनाही भेटावे आणि एकाचे मत दुसऱ्याला दाखवावे.

शाकाहारी कुटुंबांत आणखी एक सावधगिरी हवी. मुंग्या व बधिरपणा म्हटले की बी-१२ ची इंजेक्शने सुरू होतात. शाकाहारात या जीवनसत्त्वाची उणीव खरोखरच वारंवार आढळते आणि ती भरून काढलीच पाहिजे. परंतु त्या उणिवेचा बधिरपणा बहुधा पायांपासून सुरू होतो. तो ओठापासून सुरू झाला असेल, तर बी-१२ कमी निघाले तरी शोध तेथेच थांबवू नये.

तपासण्या

प्रथम दंतवैद्याची तपासणी व दातांचे चित्र व्हावेच, कारण दाताचा खरा दोष निघाला तर उपाय सोपा असतो. त्यानंतर मेंदूचे एमआरआय चित्र घेतले जाते. गाठ, रक्तवाहिनीचा दाब किंवा मेंदूतील अन्य विकार नाही ना, हे त्यावरून कळते. ऑटोइम्यून न्यूरोपॅथीत हे चित्र पुष्कळदा निर्दोष येते. म्हणून 'एमआरआय चांगला, म्हणजे आजार मनाचा' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. रक्तात एएनए ही प्राथमिक आणि ईएनए ही तपशीलवार प्रतिपिंड-तपासणी होते. यू-१ आरएनपी, रो, ला इत्यादी प्रतिपिंडे त्यातून समजतात. मात्र एएनए कित्येक निरोगी माणसांतही सौम्य प्रमाणात आढळते. त्या एका कागदावरून घाबरून जाऊ नये आणि स्वतःच निदानही करू नये. शोग्रेनचा संशय असल्यास पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रू मोजतात. ओलावा ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी चढला तर डोळा कोरडा समजतात. गरज पडल्यास ओठाच्या आतील बारीक लाळग्रंथीचा तुकडा तपासला जातो.

उपचार दोन आघाड्यांवर

उपचाराचे दोन भाग असतात: वेदना शमविणे आणि मूळ रोग आवरणे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्या स्वतःच्या मनाने रोज घेत राहिल्यास मूत्रपिंडास व पोटास अपाय होतो. ल्यूपसमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकते.

विजेच्या झटक्यासारख्या वेदनेवर कार्बामाझेपिन हे अनेक वर्षांचे सिद्ध औषध आहे. त्याची सुरुवात लहान मात्रेने होते. पण संधिविकाराच्या रुग्णाने त्याविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. काही आशियाई लोकांत असलेल्या एका जनुकीय खुणेमुळे या औषधाने त्वचेचा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप किंवा डोळे लाल होणे दिसले तर तत्काळ वैद्याकडे जावे. वृद्धांत त्याने रक्तातील सोडियम घटून भोवळ व गोंधळलेपणा येतो. आणि हे औषध यकृताचा वेग वाढवून स्टेरॉइडसारख्या अन्य औषधांचा परिणाम कमी करते; म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी वैद्याला दाखविणे आवश्यक असते.

सततच्या जळजळीवर गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे दिली जातात. यांतील अमिट्रिप्टिलिनने तोंड अधिक कोरडे पडते, म्हणून शोग्रेनच्या रुग्णाने कोरडेपणाची तक्रार आधीच सांगावी. काही औषधे जिलेटिनच्या कवचातून येतात. ती घेणे ज्यांना मान्य नाही त्यांनी औषध परस्पर बंद न करता गोळीच्या रूपातील पर्याय विचारावा. पुष्कळदा तो मिळतो.

मूळ रोगासाठी स्टेरॉइड व रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधे असतात. त्यांनी सांधे, त्वचा व अन्य अवयव यांचे रक्षण होते. चेहऱ्याच्या बाबतीत सांगावयाचे तर वेदना पुष्कळांची कमी होते; बधिरपणा मात्र काहींचा ओसरतो आणि काहींचा राहतो. हे आधीच स्पष्ट असलेले बरे, म्हणजे वैद्यामागून वैद्य बदलण्यात शक्ती जात नाही. ज्या शस्त्रक्रियेत नसेवरील रक्तवाहिनी दूर केली जाते, ती पहिल्या प्रकारच्या वेदनेसाठी आहे. आधीच बधिर झालेली नस जाळून वा सुकवून दुखणे थांबविण्याचा प्रयत्न वेदना वाढवूही शकतो. असा निर्णय दुसरे मत घेतल्याविना करू नये.

घरात विवाहयोग्य कन्या किंवा नवी सून रुग्ण असेल तर आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावी. यांतील काही औषधे गर्भास अपायकारक आहेत. अपत्याचा विचार असल्यास तो वैद्याला आधी सांगितला म्हणजे औषधे वेळीच बदलता येतात. आजार लपवून औषध चोरून घेणे किंवा लग्नाच्या बोलण्यांत ते बंद करणे, यांनी आजार अधिक बिकट होतो.

उपवासाच्या दिवसांत

पर्युषणात व चातुर्मासात तपाची इच्छा रुग्णालाही होते. येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. काही आठवडे स्टेरॉइड घेणाऱ्या शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. नसेच्या वेदनेची औषधेही अचानक थांबवावयाची नसतात. एकासन, आयंबिल किंवा चौविहार करावयाचा असेल तर पंधरा दिवस आधी वैद्याशी बोलावे. काही औषधे दिवसाउजेडी, जेवणाच्या वेळी बसविता येतात. सर्वच बसत नाहीत. पच्चक्खाणात आजारासाठी आगार सांगितलेले आहेत. त्यांविषयी गुरुमहाराजांना विचारण्यात संकोच नसावा. शोग्रेनच्या रुग्णाला दीर्घकाळ पाण्याविना राहणे दातांना व तोंडाच्या त्वचेला त्रासदायक ठरते, हेही त्यांना सांगावे.

बधिर चेहऱ्याची निगा

बधिर भागाला इजा कळत नाही, म्हणून डोळ्यांनी व सवयीने त्याचे रक्षण करावे लागते. चहा ओठाला लावण्यापूर्वी बोटाने अजमावावा. घास लहान घ्यावा आणि ज्या बाजूला जाणीव आहे तिकडून चावावा. नाहीतर गाल दाताखाली येतो. जेवणानंतर आरशात पाहून चूळ भरावी, कारण बधिर गालात अन्न अडकून राहते. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. म्हणून दर सहा महिन्यांनी दंतवैद्याची भेट चुकवू नये आणि निदान काय आहे ते त्यांनाही सांगावे. पहिली शाखा बाधित असेल तर डोळ्यात गेलेला कण जाणवत नाही आणि बुबुळाला जखम होते. बाहेर जाताना चष्मा लावावा, आणि डोळा लाल दिसताच, दुखत नसला तरी, नेत्रवैद्याकडे जावे.

दोन प्रसंगांत मात्र थांबू नये. स्टेरॉइड वा तत्सम औषधे घेणाऱ्याच्या कपाळावर किंवा गालावर एका बाजूस जळजळ होऊन पाण्याचे फोड उठले तर ती नागीण असू शकते. विषाणूवरील औषध शक्यतो ७२ तासांत सुरू व्हावे, आणि फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी नेत्रवैद्याला दाखवावे. दुसरा प्रसंग वयस्करांचा. पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीला चावताना जबडा दुखून थांबल्यावर बरे वाटणे, कानशिलात नवे दुखणे, केस विंचरताना टाळू हुळहुळणे किंवा दृष्टी अंधुक होणे, ही रक्तवाहिनीच्या दाहाची लक्षणे असू शकतात. हा विकार भारतात कमी आढळतो. पण उपचारास उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

घरच्यांचे काम

मोडलेला हात प्लास्टरमध्ये दिसतो. चेहऱ्याचे हे दुखणे कोणालाच दिसत नाही. ज्या गृहिणीला बोलताना कळ येते ती पाहुण्यांत गप्प बसते, आणि घरात ती तुसडी ठरते. जिला चावता येत नाही ती पंगतीतून लवकर उठते, आणि तिने अन्नाला नावे ठेवली असे होते. दुकानात बसणारा पुरुष गिऱ्हाइकाशी बोलणे टाळू लागतो आणि धंद्यात त्याचे लक्ष नाही असे म्हटले जाते. तपासण्या निर्दोष आल्या की 'तिला काही झालेले नाही' हे वाक्य घरात रूढ होते. आणि वेदनेइतकाच त्या वाक्याचाही त्रास रुग्णाला होतो.

म्हणून कुटुंबाने करावयाची पहिली गोष्ट म्हणजे विश्वास ठेवणे. दुसरी गोष्ट अगदी आपल्या हातची. एक वही करावी. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठून कोठे पसरले, कोणता दात केव्हा काढला, बोटे केव्हा पांढरी पडली, कोणती गोळी केव्हा सुरू झाली व तिने काय झाले, हे तारीखवार लिहावे. सर्व वैद्यांचे कागद त्याच वहीत लावावेत आणि प्रत्येक वैद्यासमोर तीच वही उघडावी. रुग्ण वेदनेत असताना सारे सांगू शकत नाही, वही सांगते. पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घरांना हे काम शिकवावे लागत नाही. कित्येकदा निदान एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा अशा एका पानावरून लवकर होते, आणि तोंडातील निरोगी दात जागच्या जागी राहतात.